सूर्योदयापर्यंतचा बुधवार

जी चूक कोणाच्याही दुष्ट हेतूतून जन्मलेली नाही, जी आणखी काही दिवस झाकून ठेवल्यास फारसे बिघडणार नाही असे वाटते, आणि जी उघड केल्यास एका मोठ्या सत्कार्याचाच आधार जाण्याचा संभव आहे, अशा चुकीसमोर उभे राहण्याचा प्रसंग मनुष्याच्या आयुष्यात क्वचितच येतो. लोभापायी केलेले असत्य चटकन ओळखू येते. हितबुद्धीने पाळलेले मौन ओळखायला मात्र फार वेळ लागतो, कारण त्याचा चेहरा आपल्याच चेहऱ्यासारखा असतो. सूनृतेवर हा प्रसंग आला तेव्हा तिच्यापुढे नऊ दिवस होते. माझ्यापुढेही तेवढेच होते, कारण चूक जितकी तिची तितकीच माझी होती.

कृष्णाकाठच्या खडकोळी गावी आमची पाठशाळा आहे. गुरुवर्य नरहरशास्त्री तिचे आचार्य होते; त्यांच्या पश्चात सत्तावीस वर्षे ते आसन मी सांभाळले. पंचांगातील पर्जन्यविचार पारखून घ्यावा अशी गुरुवर्यांना तळमळ होती. ग्रंथात लिहिलेले आकाशात दिसते का, हे पाहिल्याशिवाय बोलू नये, असे ते म्हणत. म्हणून शिक्षण पुरे करून निघालेल्या प्रत्येक शिष्याला ते निरोपाच्या वेळी एक कोरी वही देत. तिला आम्ही पर्जन्यवही म्हणत असू. शिष्य ज्या गावी पौरोहित्य करील वा शाळेत शिकवील, तेथील पाऊस, वारा, वीज आणि गारा यांची नोंद त्याने रोज त्या वहीत करायची. चाळीस गावांतून पस्तीस वर्षे हे व्रत अखंड चालले. ही सारी मंडळी पहाटे चारच्या आत उठणारी. त्यामुळे रात्री पडलेल्या गारा त्यांनी अंगणात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या, ओंजळीत घेऊन मापल्या.

त्या वह्यांचे मोल मला सूनृतेने सांगितले. ती आमच्या पाठशाळेत व्याकरण शिकवणाऱ्या उपळेकरांची मुलगी. रूपावली म्हणत म्हणत ती मोठी झाली, पुढे भौतिकशास्त्राकडे वळली, आणि आता, दोन हजार एकोणचाळीस साली, पुण्याच्या ऋतुवेध केंद्रात 'मेघवेध' या प्रकल्पाची प्रमुख आहे. वडील गेल्यापासून माहेर म्हणून ती माझ्याकडेच येते.

मेघवेध म्हणजे काय, हे तिने मला जसे समजावले तसे सांगतो. पृथ्वीपासून छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर एक हवामान उपग्रह आपल्या देशावर दृष्टी स्थिर ठेवून आहे. दिवसा सूर्यप्रकाशात त्याला ढगांचे माथे, त्यांची टेंगळे, त्या टेंगळांच्या सावल्या दिसतात. त्यावरून कोणत्या ढगात गारा घडत आहेत हे जाणकाराला कळते. रात्री प्रकाश नसतो. तेव्हा उपग्रह केवळ उष्णता मोजतो. कोणता माथा किती थंड, एवढेच कळते. त्यातून गारांचा ढग वेगळा काढणे मनुष्याच्या दृष्टीला जमत नाही. म्हणून हे काम कृत्रिम बुद्धीकडे सोपवले. तिला नियम शिकवावे लागत नाहीत. हजारो जुन्या प्रतिमा दाखवायच्या आणि प्रत्येकीबरोबर सांगायचे, 'यानंतर गारा पडल्या' किंवा 'पडल्या नाहीत'. कोणत्या खुणेमागून काय येते हे ती स्वतःच हुडकते. दुपारचे आकाश पाहून येणाऱ्या रात्री गारा पडतील का, हे तिने चार वाजता सांगायचे, असे ठरले.

अडचण एकच होती. रात्री गारा पडल्या हे सांगणार कोण? सकाळपर्यंत त्या वितळून जातात. पर्जन्यमापकात नुसते पाणी उरते. सरकारी निरीक्षक त्या वेळी झोपलेला. रात्रीच्या गारांची विश्वसनीय नोंद साऱ्या महाराष्ट्रात एकाच ठिकाणी सापडली, ती आमच्या पर्जन्यवह्यांत. अशा चारशे बारा नोंदी निघाल्या. सूनृतेच्या सहकाऱ्यांनी त्या संगणकात उतरवल्या. दिवसाच्या नोंदी त्यांनी उपग्रहाच्या प्रतिमांशी ताडून पाहिल्या, त्या तंतोतंत जुळल्या. म्हणून रात्रीच्या ताडण्याची गरज कोणाला वाटली नाही. शिवाय खाली माझी सही होती. 'या वह्यांतील अक्षर अन् अक्षर सत्य आहे,' असे मी अभिमानाने लिहून दिले होते.

काही वर्षांच्या नोंदी मुद्दाम यंत्रापासून लपवून ठेवल्या होत्या. त्यांवर परीक्षा घेतली तेव्हा शंभरातील सत्याऐंशी रात्री यंत्राने अचूक ओळखल्या. गेल्या उन्हाळ्यापासून सातारा जिल्ह्यात त्याचे इशारे फोनवर जाऊ लागले. आणि या चैत्रात भूमी-आकाश अनुसंधान निधीची समिती पुण्यात बसणार होती. पाच राज्यांतील रात्रींसाठी पाच वर्षांचे अर्थसाहाय्य तिच्या हाती होते. उघड्या माळावर मेंढरांसह झोपणारे लाखो लोक त्या निर्णयावर अवलंबून होते. फक्त त्यांना ते ठाऊक नव्हते.

समितीच्या बैठकीआधी नऊ दिवस सूनृता सकाळीच खडकोळीला आली. "आप्पा, माण तालुक्यात कुरणवाडीला जायचंय. तुमचे शिष्य होते ना तिथे? चला माझ्याबरोबर. लोक रागावलेत, तुम्ही असलात तर जरा ऐकून घेतील."

कुरणवाडीत आमचे दत्तंभट तीस वर्षे होते. आता ते नाहीत. गावाबाहेर पडीक रानात मेंढपाळांचा तळ होता. मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावलेली. बायडाबाई यमगर या साठीच्या बाई तळाच्या कारभारीण. आदल्या आठवड्यात मेघवेधने इशारा दिला, त्या रात्री शेजारच्या तळाने मेंढरे शाळेच्या पडवीत नेली, आणि काहीच झाले नाही. दुसऱ्या रात्री इशारा नव्हता, आणि गारांनी एकोणीस मेंढरे मेली. सूनृतेने तेच विचारायला सुरुवात केली.

"तुमची किती गेली, मावशी?"

"माजं एक बी न्हाय गेलं," बायडाबाई म्हणाल्या. "म्या दुसऱ्या राती आत घातलीवती."

"दुसऱ्या रात्री? इशारा तर पहिल्या रात्रीचा होता."

"आवं बाई, तुमचं यंत्र खोटं न्हाय. पर त्याला घाई लई. माज्या सासऱ्यावानी. बाजार सोमवारी, आन ह्यो रयवारीच पिशवी घिऊन पारावर हुबा." भोवतीच्या बाया हसल्या. "गेल्या सालापास्नं तीनदा बगितलं. आज सांगावा आला की गारा उद्याच्या राती. मंग आमी काय करतो, सांगावा आला की त्या राती निवांत झोपतो आन दुसऱ्या राती मेंढरं शाळंत घालतो."

"हे तुम्ही कळवलं का नाही?"

"कुणाला कळवू? त्या फोनवर नुसती बाई बोलती. तिला इचारलं तर ती पुन्यांदा पयल्यापास्नं चालू." मग माझ्याकडे वळून, पदर सावरत त्या म्हणाल्या, "म्हाराज, तुमी शिकली-सवरलेली मानसं. आमाला वाटलं, तुमच्यात असंच मोजत्याती आसंल."

परतीच्या वाटेवर सूनृता जुने इशारे पुन्हा चाळत होती. केंद्राच्या हिशेबी प्रत्येक वेळी दोन वेगळ्या चुका पडल्या होत्या, एक खोटा इशारा आणि एक हुकलेली गारपीट. त्या दोन चुका मिळून एकच गोष्ट असेल, हे पुण्यात कोणाच्या ध्यानी आले नव्हते. माळावरच्या एका निरक्षर बाईने ते तीन खेपांत ओळखले होते.

पाठशाळेत पोहोचताच तिने दत्तंभटांची वही काढायला सांगितली. मी शके एकोणीसशे एक्केचाळीसची वही उघडली. नोंद अशी होती: 'चैत्र शुद्ध त्रयोदशी, बुधवार, ता. १७ एप्रिल. रात्रौ तीन वाजता गारा, बोराएवढ्या, अर्धी घटका.' तिने आपल्या संगणकावर सतरा एप्रिलच्या पहाटे तीनची प्रतिमा आणली. आकाश स्वच्छ होते. एकही ढग नव्हता.

"दत्तंभट खोटं लिहितील?" तिने विचारले.

"दत्तंभट? जेवताना मीठ कमी पडलं तरी त्यांनी खरंच सांगितलं असतं. तू पुढच्या दिवसाची प्रतिमा बघ."

"का?"

"अगं, रात्री तीन वाजता बुधवार म्हणजे बुधवारची रात्र. सूर्योदय झाल्याशिवाय गुरुवार लागतो कुठे? दत्तंभटांनी वार लिहिला आणि त्या वारापुढे जी तारीख छापलेली होती ती लिहिली. घड्याळाप्रमाणे ती अठरा."

तिने अठरा एप्रिलची प्रतिमा आणली. माणच्या आकाशात एक मोठा थंड, पांढरा पुंज उभा होता.

तेव्हा काय घडले आहे ते मला हळूहळू उमगले. आमच्या परंपरेत दिवस सूर्योदयाला सुरू होतो. मध्यरात्रीनंतरची घटना आम्ही आदल्या वारात धरतो. हे आम्हाला इतके स्वाभाविक, की वहीच्या पहिल्या पानावर ते लिहावे असे गुरुवर्यांनाही वाटले नाही आणि प्रमाणपत्र देताना मलाही नाही. उतरवून घेणाऱ्या मुलामुलींनी 'सतरा, तीन वाजता' असे सरळ लिहिले. मध्यरात्रीनंतरची प्रत्येक गारपीट अशा रीतीने चोवीस तास मागे सरकली. गारा पडण्याच्या अकरा तास आधीचे आकाश यंत्राला दाखवायचे होते. प्रत्यक्षात दाखवले गेले पस्तीस तास आधीचे. परीक्षेलाही त्याच वह्या. आखूड गजाने मोजलेले कापड त्याच गजाने पुन्हा मोजले तर बरोबरच भरणार.

"आप्पा," सूनृता म्हणाली, "तुम्ही हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस."

"मी विचारायला हवं होतं हे मला कसं कळणार?"

मी तिच्याकडे पाहिले. "तुझा जन्म पहाटे चारचा. पत्रिकेत वार मंगळवार, नगरपालिकेच्या दाखल्यावर बुधवार. लहानपणी त्यावरून तू किती भांडायचीस. आईला म्हणायचीस, दोन्ही दिवस लाडू कर."

ती हसली नाही. म्हणाली, "म्हणजे ठाऊक होतं. मलाही." दोन्ही मोजण्या जाणणारी अशी त्या केंद्रात ती एकटीच होती, आणि एकीकडून दुसरीकडे जाताना पहिली ती वाटेत कुठेतरी खाली ठेवून आली होती.

"मग सगळ्या नोंदी एक दिवस पुढे सरकवल्या की झालं," मी म्हणालो.

"सगळ्यांनी असंच लिहिलं असेल?"

मी वह्या चाळू लागलो. जे शिष्य पौरोहित्य करत राहिले ते सूर्योदय धरून लिहीत. जे सरकारी शाळेत लागले त्यांच्यातल्या काहींनी घड्याळ धरले होते. काहींनी आधी एक, मग दुसरे. प्रतिमा पाहूनही सर्वत्र उलगडा होत नव्हता, कारण गारांचे ढग एकटे येत नाहीत. लागोपाठ तीन-चार रात्री आकाश भरून येते, मग त्यांपैकी कोणत्या रात्री गारा पडल्या हे प्रतिमा सांगत नाही. ते लिहिणाऱ्याची सवय ओळखूनच ठरवावे लागणार होते. चारशे बारा नोंदी. अनेक लेखक दिवंगत. त्यांची सवय जाणणारा मी, एक्क्याऐंशी वर्षांचा.

दुसऱ्या दिवशी ती मला पुण्याला घेऊन गेली. केंद्राचे संचालक डॉ. उदयन चौबळ हे सज्जन गृहस्थ; सूनृतेला त्यांनीच घडवले. त्यांनी सर्व शांतपणे ऐकले, मला स्वतः चहा ओतून दिला, आणि मग म्हणाले:

"सूनृता, चूक दुरुस्त करायची यात वाद नाही. प्रश्न फक्त केव्हा, एवढाच आहे. आठ दिवसांनी समिती आहे. आज सांगितलंस तर सत्याऐंशीचा आकडा गेला. साहाय्य नाकारतील. तुझी अकरा माणसं तीन महिन्यांत पांगतील. मग दुरुस्ती करणार कोण? शास्त्रीबुवा आणि तू?"

"आणि नंतर सांगितलं तर?"

"मंजुरी मिळू दे. पहिल्याच महिन्यात सगळ्या नोंदी तपासू, नवा आकडा जाहीर करू. तोवर रात्रीचे इशारे 'तांत्रिक कारणास्तव' थांबव. कोणाचंही नुकसान होत नाही. उलट पाच राज्यांतली माणसं वाचतील. तू खरं बोलून कोणाला वाचवणार आहेस, ते मला सांग."

या युक्तिवादात मला छिद्र सापडले नाही. खरे सांगायचे तर मला ते शोधायचेही नव्हते. त्या वह्यांना गुरुवर्यांचे नाव देऊन केंद्रात एक दालन उघडायचे ठरले होते. तेथे त्यांच्या तसबिरीखाली 'सदोष' असा शब्द यावा, ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

बाहेर आल्यावर सूनृतेने विचारले, "तुम्हाला काय वाटतं?"

"उदयनराव वाईट माणूस नाही."

"ते मी विचारलं नाही, आप्पा."

"मला भीती वाटते," मी म्हणालो. "गुरुवर्यांच्या नावाची."

ती पायरीवर बसली. "मला माणसांची. अकरा जणांची घरं आहेत. त्यांतल्या राधेयचं मूल चार महिन्यांचं आहे." मग ती म्हणाली, "पण इशारे थांबवायचे म्हणजे काय, बघा ना. ऐन चैत्र-वैशाखात माळावरची माणसं अंधारात. आणि कारण सांगायचं 'तांत्रिक'. बायडाबाईंनी वर्षभर आमची चूक सांभाळून घेतली. त्यांना मी 'तांत्रिक' सांगू?"

त्याच क्षणी माझी भीती मला लहान वाटली. सदोष वह्या गुरुवर्यांनी कधीच सहन केल्या नसत्या. आकाश पाहिल्याशिवाय बोलू नये, म्हणूनच तर त्या वह्या होत्या.

"समितीपुढे मी येईन," मी म्हणालो. "प्रमाणपत्र माझं आहे."

इशारे बंद न करता, त्या आठ दिवसांत आम्ही ऐंशी नोंदी तपासल्या. त्यांतल्या एकसष्ट सरकलेल्या निघाल्या. सुदैवाने आकाश त्या आठवड्यात निरभ्र राहिले.

समितीत पाच सदस्य होते. अध्यक्ष प्राध्यापक लीलाधर हट्टंगडी, वयाने माझ्याहून थोडेच लहान. सूनृता उभी राहिली. तिने आधी चूक सांगितली, मग प्रकल्प सांगितला. सत्याऐंशीचा आकडा फळ्यावर लिहिला आणि त्यावर आडवी रेघ मारली. "याच्या जागी काय लिहायचं ते मला आज ठाऊक नाही," ती म्हणाली.

मी वह्यांबद्दल सांगितले. एका तरुण सदस्याने विचारले, "पण शास्त्रीबुवा, दिवस मध्यरात्री बदलतो हे तुम्हाला माहीत नव्हतं का?"

"माहीत होतं," मी म्हणालो. "जसं तुम्हाला तो सूर्योदयाला बदलतो हे माहीत होतं. कधी विचारावं लागलं नाही, एवढंच."

हट्टंगडी चौबळांकडे वळले. "आपल्याला हे केव्हा कळलं?"

चौबळांनी क्षणभर टेबलाकडे पाहिले. "आठ दिवसांपूर्वी. मी हिला थांबायला सांगितलं होतं. तिनं ऐकलं नाही. ही गोष्ट इतिवृत्तात यावी, अशी माझी विनंती आहे."

चर्चा लांबली. एका सदस्या म्हणाल्या, "म्हणजे यंत्राला नकळत पस्तीस तास आधीच्या खुणा सापडल्या आहेत. हा तर मोठा शोध आहे. तुम्ही याच अंगाने प्रस्ताव मांडा ना."

"खरं असेल तर मोठंच आहे," सूनृता म्हणाली. "म्हणूनच तपासल्याशिवाय मी ते म्हणणार नाही. काही वह्या घड्याळाप्रमाणे आहेत, त्यामुळे यंत्र दोन्हींची मिसळ शिकलं आहे. कोणती खूण कोणत्या रात्रीची, हे त्यालाच उमगलेलं नाही."

इतक्यात चार वाजले. तिच्यापुढच्या पडद्यावर मेघवेधचा अहवाल आला. ती वाचू लागली आणि थांबली. माण आणि खटाव, येणाऱ्या रात्री गारपीट, संभाव्यता अधिक. इशारा तिच्या संमतीसाठी थांबला होता. दहा मिनिटांत तो गावोगावी जायला हवा होता.

"काय करणार?" हट्टंगडींनी विचारले. त्यांच्या स्वरात परीक्षा नव्हती. ते खरोखर विचारत होते.

चौबळ उठून तिच्याजवळ आले. "आज म्हणालीस आणि उद्या पडल्या तर लोक मरतील. उद्या म्हणालीस आणि आज पडल्या तर तुझ्यामुळे मरतील."

"म्हणून दोन्ही म्हणणार," ती म्हणाली, आणि तेथेच बसून तिने लिहिले. मी तिच्या खांद्यावरून वाचत होतो: 'आमच्या गणनेत एका दिवसाची चूक आढळली आहे. गारा आज रात्री पडतील की उद्या रात्री, हे आम्हाला निश्चित सांगता येत नाही. आज आणि उद्या, दोन्ही रात्री माणसे व जनावरे छपराखाली ठेवावीत. यापूर्वी या चुकीमुळे ज्यांचे नुकसान झाले त्यांची आम्ही क्षमा मागतो.'

"शेवटचं वाक्य लागेल का?" तरुण सदस्याने विचारले.

"तेच आधी लिहायला हवं होतं," ती म्हणाली, आणि इशारा पाठवला.

त्या रात्री माणचे आकाश चांदण्यांनी भरलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून केंद्रात चेष्टेचे फोन आले. कोणी म्हणाले, आता तिसऱ्या रात्रीचेही सांगून टाका. त्या दुसऱ्या रात्री, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी माणच्या पूर्व भागात लिंबाएवढ्या गारा पडल्या. एक्केचाळीस तळांपैकी चाळीस छपराखाली होते. विठू हाके यांनी पहिल्या रात्रीनंतर तळ पुन्हा माळावर नेला होता. त्यांची बावीस मेंढरे गेली. ते ऐकल्यावर सूनृता दिवसभर जेवली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन आली.

बायडाबाईंचा फोन मात्र गारा पडल्या त्याच सकाळी आला होता. "बाई, मेंढरं समदी हायती. पर दोन राती शाळंत काढल्या, त्यो मास्तर वराडतोय लेंड्या कोन झाडनार म्हून. म्या सांगितलं, पुण्याची बाई येनार हाय झाडाया."

"येते की, मावशी."

"आन त्या सांगाव्यात म्हाफी कशापायी मागितली? आजवर आमाला सरकारातनं कुनी म्हाफी मागितली न्हवती. लोक घाबरलं, म्हनलं काय तरी मोठं इपरीत झालंया."

महिन्याने समितीचा निर्णय आला. पाच राज्यांचे साहाय्य नाकारले होते. एका जिल्ह्यापुरते, एका वर्षासाठी, थोडके साहाय्य मिळाले, आणि अट अशी की रात्रीची प्रत्येक नोंद साक्षीदारासह तपासावी. अकरांतले सात जण दुसरीकडे गेले. राधेयही गेला, जाताना सूनृतेशी तो नीट बोलला नाही, आणि तिनेही ते मनाला लावून घेतले नाही. गुरुवर्यांचे दालन उघडले नाही. चौबळांनी मात्र केंद्रातली आपली खोली तिच्या उरलेल्या चौघांना दिली, आणि स्वतः जिन्याखालच्या लहान खोलीत बसू लागले.

आता आमचे काम रोज सकाळी पाठशाळेच्या ओसरीवर चालते. हयात असलेले नऊ शिष्य पाळीपाळीने येतात. एक नोंद वाचायची, लिहिणारा त्या काळी कोठे होता, त्याच्या हाताशी पंचांग होते की भिंतीवरची दिनदर्शिका, त्याने शाळेत नोकरी धरली होती की नाही, हे आठवायचे, दोन्ही रात्रींच्या प्रतिमा पाहायच्या, आणि एकमत झाले तरच लिहायचे. एकमत झाले नाही तर 'अनिश्चित' असे लिहितो. हा शब्द लिहायला आरंभी आमच्या वृद्ध मंडळींना फार जड गेले. शिवथरचे अण्णाभट तर स्वतःच्याच अक्षरापुढे 'अनिश्चित' लिहिताना म्हणाले, "बायकोला कळू देऊ नका. तिला मी चाळीस वर्षं सगळं निश्चित सांगत आलोय."

कालपर्यंत तीनशे सात झाल्या. आणखी एकशे पाच उरल्या आहेत. सूनृता म्हणते, पुढच्या चैत्राआधी यंत्राला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचे, आणि या वेळी वहीच्या पहिल्या पानावर दिवस केव्हा सुरू होतो ते लिहायचे. पुढल्या वर्षी साहाय्य मिळेल का, हे तिला ठाऊक नाही. तिने ते विचारणे सोडले आहे. ती पुढची वही मागते.

ज्यांनी पहाटे उठून गारा ओंजळीत घेतल्या आणि प्रामाणिकपणे लिहून ठेवल्या, त्यांना सद्गती लाभो. ज्यांनी आमची चूक माळावर राहून सोसली, त्यांच्या कळपांवर छप्पर राहो. जे हे काम सोडून गेले त्यांच्या घरी अन्न आणि स्वास्थ्य असो. आणि ज्यांनी थांबायला सांगितले त्यांचेही मंगल होवो, कारण त्यांना भले करायचे होते. जी अजून या ओसरीवर वह्या उघडून बसली आहे, तिची दृष्टी निर्मळ राहो आणि तिचा हात थकू नये.